मोहरेची तिसरी कातर

दिवाळी आली की माझा फोन अंगठ्यांनी भरतो. लोक घरातली जुनी नाणी बाहेर काढतात, अंगठा आणि तर्जनीत घट्ट धरतात, फोटो काढून मला पाठवतात. खाली लिहिलेलं असतं, ‘सर, हे रेअर आहे का?’ नाणं अर्धं दिसतं, अंगठा पूर्ण दिसतो. पूर्वी मी चिडून उत्तर द्यायचो की अंगठा तरी दुर्मिळ नाही, नाण्याचं नंतर बघू. बायकोने ते एकदा वाचलं आणि मला बरंच ऐकवलं. आता मी फक्त ‘कडेने धरा’ एवढंच लिहितो. तरी कुणी धरत नाही.

माझी नोकरी झाली सेवाग्रामच्या दवाखान्यात, पॅथॉलॉजीच्या लॅबमध्ये. टेक्निशियन होतो. काचपट्ट्या रंगवायच्या, मायक्रोस्कोपखाली बघायच्या, पुढे डॉक्टरांकडे द्यायच्या. दोन पेशी अगदी सारख्या दिसतात आणि सारख्या नसतात, हे डोळ्याला तिथे कळलं. नाण्यांचा नाद त्याच डोळ्यामुळे लागला. सुरुवात चांदीच्या राणीछाप रुपयांपासून झाली, मग सोन्याकडे नजर गेली. नजरच गेली, हात काही पोचला नाही. टेक्निशियनच्या पगारात सोन्याची मोहर, आणि तीही प्रूफ, कुठून येणार? माझा संग्रह म्हणजे लिलावांचे जुने कॅटलॉग, त्यांतले फोटो आणि डोक्यात साठवलेल्या खुणा.

प्रूफ म्हणजे काय ते सांगून टाकतो, कारण बऱ्याच जणांना वाटतं की प्रूफ म्हणजे खरेपणाचा दाखला. बाजारात चालवायला नव्हे, तर साहेबलोकांना दाखवायला किंवा भेट द्यायला टांकसाळीत काही नाणी निगुतीने पाडत. सोन्याची चकती घासून लखलखीत करायची, पोलादी ठसाही तसाच घासायचा, आणि मग जास्त जोर लावून दाबायचं. अशा नाण्याची मोकळी जागा आरशासारखी असते आणि अक्षरांच्या कडा धारदार. आता हे ठसे शेवटी माणसाच्या हातचे. एका ठशात पाकळी जाड, दुसऱ्यात बारीक. एकात फुलाच्या मधोमध टिंब, दुसऱ्यात टिंबच नाही. एखाद्या ठशातून मोजकीच नाणी पडली असतील, तर ते टिंब बघायला लोक दूरदूरहून येतात. बायको म्हणते, एका टिंबासाठी एवढं? मी तिला सांगतो, लॅबमध्येही मी टिंबच बघत होतो, तेव्हा कुणी हसलं नाही.

माझी आत्या आमच्या वर्ध्याजवळच्या सेलूला असायची. वडिलांची धाकटी बहीण. सासरचा सरकीचा व्यापार होता, तो यजमानांबरोबरच संपला. दुकानाचा गाळा भाड्याने दिलेला, मागच्या दोन खोल्यांत ही एकटी. मूलबाळ नव्हतं. उंची कमी आणि आवाज त्याच्या दुप्पट. वडील गेल्यावर भाऊबीजेला त्यांच्या जागी मी जायला लागलो. ती मला ओवाळायची, लाडू द्यायची आणि पाहुण्यांसमोर बिनदिक्कत सांगायची, "हा माहा भाचा. मले आग देणार आहे हा." पाहुण्यांच्या घशात चहा अडकायचा.

काही वर्षांपूर्वी ऐन दिवाळीत तिचा पाय मुरगळला, म्हणून मी भाऊबीजेची वाट न बघता लक्ष्मीपूजनालाच सेलूला गेलो. ती देव्हाऱ्यासमोर पाय लांब करून बसली होती. समोर वाटीत रिठ्याचं पाणी होतं. एका हातात जुना टूथब्रश, दुसऱ्या हातात काहीतरी पिवळं, आणि ती ते बूट घासावेत तसं खसाखसा घासत होती. मी जवळ गेलो. राणीचा मुकुट दिसला.

"आत्या! थांब!" मी इतक्या जोरात ओरडलो की शेजारच्या काकू दारात आल्या.

"काऊन ओरडून राह्यला? साप दिसला का तुले?"

"हे काय करते तू?"

"लक्ष्मी धुवून राह्यली. सालभर कुंकू लागते तिले. आज नाई धुवाव तं कवा धुवाव?"

मी वाटी बाजूला केली, खिशातलं भिंग काढलं आणि नाणं कडेने धरून खिडकीपाशी गेलो. भिंग माझ्या खिशात कायम असतं, किल्ल्यांसारखं. राणीची मोहर होती. आरसा गेला होता. आधी हिच्या सासूने घासला, मग हिने घासला. दरवर्षीच्या लक्ष्मीपूजनाने त्या सोन्यावर बारीक रेघांचं जाळं करून ठेवलं होतं. मला वाटलं साधीच मोहर असेल. मग मागच्या बाजूचं इंग्रजी गोल ‘ओ’ अक्षर पाहिलं. त्याच्या पोटात ब्रश पोचला नव्हता. तेवढ्या बाजरीच्या दाण्याएवढ्या जागेत आरसा जसाच्या तसा होता, आणि त्यात खिडकीचा उजेड दिसत होता. कडा तपासल्या, अक्षरांचे कोपरे तपासले. प्रूफ होती. आणि अक्षरांखाली, नक्षीच्या अगदी काठाला, एक छोटं फूल होतं. त्याच्या मधोमध टिंब होतं.

ते टिंब मी तोपर्यंत फक्त एका कॅटलॉगच्या फोटोत पाहिलं होतं. मी खाली बसलो. आत्याला वाटलं मला चक्कर आली, आणि तिने रिठ्याचे हात माझ्या तोंडावरून फिरवले.

डोळे चुरचुरायचे थांबल्यावर मी पुन्हा पाहिलं, तर दुसरंच दिसलं. मोहरेच्या काठाला डावीकडे आणि उजवीकडे एकेक कातर होती. कुणीतरी कात्रीने सोन्याची बारीक कपची काढून घेतलेली.

"हे कुणी कापलं?"

"डावीकडचं सासूबाईचं. उजवीकडचं यायचं," असं म्हणून तिने भिंतीवरच्या यजमानांच्या फोटोकडे बोट केलं. "आमच्या घरची रीत आहे. मरणाऱ्याच्या तोंडात सोनं ठेवा लागते न? दुसऱ्या सोन्याचं नाई चालत. याच मोहरेचं पायजे. आता तिसरं माहं."

आमच्याकडेही मेलेल्या माणसाच्या तोंडात तुळशीचं पान आणि सोनं ठेवतात. पण आम्ही सोन्याचा एखादा बारीक मणी ठेवतो. एक अख्खी प्रूफ मोहर पिढ्यान्‌पिढ्या पानसुपारीसारखी कातरत बसणारं हे एकच घर मी पाहिलं. मी तिला समजावलं. शेजारच्या काकू ऐकत होत्या, म्हणून जरा जास्तच समजावलं. सोनं ते सोनं, मी चोख सोन्याचा मणी आणून देतो, हवं तर दोन आणतो, पण याला कात्री लावू नको. पुढच्या फेरीत वर्ध्याच्या सराफाकडून मणी घेऊन गेलोही. तिने तो तळहातावर घेतला, पाहिला आणि परत दिला.

"चांगला आहे. तुह्या बायकोले दे. मले तिथं गेल्यावर सासूबाई विचारतीन, कोन्या घरची तू? मी का सराफाचं नाव सांगू?"

मणी परत आणून मी घरी टेबलाच्या कप्प्यात टाकला. मला राग आला होता, आणि त्याहून जास्त धास्ती. डावी-उजवी बाजू संपली होती. उरली होती वरची आणि खालची. खालच्या बाजूला माझं फूल होतं. ते गेलं की ती मोहर कुठल्या ठशाची, हे जगात कुणालाही सांगता आलं नसतं. एक घासलेलं, कातरलेलं सोनं, एवढीच तिची ओळख उरली असती.

फोटो का नाही काढले, असं आता सगळे विचारतात. काढले. फोनने काढले, चांगले शंभरदा काढले. सोनं चमकतं आणि टिंब त्या चमकेत बुडतं. त्यातला बरा फोटो मी नागपूरच्या एका जाणकारांना पाठवला. त्यांचं उत्तर आलं, ‘टिंब आहे की कुंकवाचा कण? नाणं घेऊन या.’ मी भिंगाखाली पाहिलं होतं, ते सोनंच होतं, पण माझ्या पाहण्याला नागपुरात कोण विचारतो. आणि आत्या मोहर नेऊ देईना. देव गावाबाहेर जात नाही, हे तिचं उत्तर. मी म्हटलं पंढरपूरला नाही, नागपूरला चाललाय, संध्याकाळी परत येईल. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी विषय सोडला.

तिला राजी करायला मी वेगळी वाट धरली. तिला ते फूल दाखवायला लागलो. मोहर तिच्यासमोर धरायची, आधी राणीचं तोंड, मग वरून खाली उलटवायची की मागची अक्षरं सरळ येतात, आणि मग भिंग तिच्या डोळ्याला लावायचं. पहिल्यांदा तिला फक्त स्वतःच्या पापण्या दिसल्या. मग एकदम दिसलं.

"अगो माय! टिकली लावली हो याले!" ती लहान पोरीसारखी हसली. "इतके साल हातात घेतली म्या, अन् हे मले दिसलं नाई."

त्यानंतर ती फोनवर माझ्या तब्येतीच्या आधी फुलाची खबर द्यायला लागली. "तुहं फूल मजेत आहे. टूथब्रश बंद केला म्या. कापसानं पुसतो." कधी म्हणायची, "खालतं फूल आहे न, खालतं कुंकू लावत नाई मी." मला ते ऐकून बरं वाटायचं. एवढ्या वर्षांत माझं टिंब समजून घेणारं दुसरं माणूस मला मिळालं नव्हतं. मी कॅटलॉग घेऊन सेलूला जायला लागलो. ती भाजी निवडता निवडता पानं उलटायची आणि प्रत्येक राणीला नावं ठेवायची, हिचं नाक पाय, म्हणजे बघ, हिची मान पाय. कातर मात्र तिने सोडली नाही. मीही विषय काढायचा सोडला. मनाशी ठरवलं होतं की वेळ येईल तेव्हा कात्री माझ्याच हातात असणार, मी वरच्या बाजूने नखाएवढं कापेन आणि फूल वाचवेन. नेमकं कुठे कापायचं हे मला पुरतं पाठ होतं.

मागच्या उन्हाळ्यात तिने फोन करून बोलावलं. पोचलो तर बाई खुशीत. देव्हाऱ्यातून मोहर काढून तिने माझ्या हातावर ठेवली, आणि तिच्याशेजारी कुंकवाची एक चपटी डबी.

"पाय. तुहं काम हलकं केलं."

डबीत कापसावर सोन्याची कपची होती.

"सोनाराले घरी बोलावलं म्या. तुह्या हातानं होणार नाई, मले माहीत आहे. मी मरून पडली राहीन अन् तू भिंग घेऊन बसशीन. म्हनून जित्तेपणीच कापून ठेवलं. अन् घाबरू नको, त्याले सांगतलं म्या, राणीचं तोंड सरळ धर, खालतं हात लावू नको, खालतं माह्या भाच्याचं फूल आहे. वरतून काप."

मोहरेकडे बघायच्या आधीच मला कळलं. या मोहरेचे दोन ठसे एकमेकांना उलटे आहेत. राणीचं डोकं जिथे वर, तिथे मागच्या नक्षीचा तळ. म्हणून तर मी ती तिला दाखवताना वरून खाली उलटवत होतो. ती बघायची तेव्हा फूल खाली दिसायचं, आणि ते राणीच्याही खालीच आहे असं तिने धरून चालावं यात तिची चूक नव्हती. फूल होतं राणीच्या मुकुटाच्या बरोब्बर मागे. मी मोहर उलटवली. नक्षी होती, अक्षरं होती, फुलाच्या जागी सोनाराची सरळ, स्वच्छ कातर होती.

मी पाणी प्यायला म्हणून आत गेलो आणि माठापाशी उभा राहिलो. राग आला. तिचा आला, सोनाराचा आला, ते फूल तिला कौतुकाने दाखवत बसलेल्या माझा तर सगळ्यात जास्त आला. तिला काही दाखवलंच नसतं, तर तिने सोनाराला काही सांगितलं नसतं आणि त्याने कदाचित राणीच्या गळ्याखालून कापलं असतं. बाहेरून तिचा आवाज आला, "बराबर झालं न रे?"

मी बाहेर आलो. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. वयाने वाळलेलं एवढंसं माणूस, आणि माझ्यासाठी काहीतरी वाचवल्याचा आनंद तिच्या चेहऱ्यावर मावत नव्हता.

"एकदम बराबर," मी म्हटलं.

"मंग? तू समजतो का मले काई समजत नाई?"

तिने मोहर आणि डबी दोन्ही मला दिली. मोहर आता माझी. डबी तिची, पण सांभाळायची मी. वर्ध्याला परत येताना दोन्ही खिशावर हात ठेवून बसलो होतो.

घरी आल्यावर बायकोला सगळं सांगितलं. ती आधी हसली, मग माझं तोंड बघून थांबली. मग म्हणाली, "अहो, पण फूल गेलं कुठे? डबीत आहे ना?"

हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मी टेबलाचा दिवा लावला, कपची काळ्या कापडावर घेतली आणि भिंग लावलं. फूल होतं. पूर्ण होतं. टिंबासकट होतं. कात्री त्याच्या कडेने गेली होती, पाकळीलाही लागली नव्हती. मोहर शेजारी सरकवली तर काठ काठाला जुळला. दोन्ही मिळून नागपूरला नेले असते, तर कुणालाही मान्य करावं लागलं असतं.

"आत्याबाईंना तो मणी ठेवू," बायको म्हणाली. "मणीही सोन्याचाच आहे. त्यांना कोण सांगणार?"

मी तिला गप्प बसायला सांगितलं. पण ते वाक्य घरातून गेलं नाही. त्यानंतर कितीतरी वेळा मी डबी उघडून फूल पाहिलं, आणि दर वेळी मणी तिथेच, त्याच कप्प्यात होता. आत्याची सासू, तिचं ते ‘तिथं’, यांतलं काहीच मी मानत नाही. लॅबमध्ये राहून माणूस मेल्यावर काय होतं ते मी पुष्कळ पाहिलंय. न मानणाऱ्याने कपची ठेवली काय आणि मणी ठेवला काय, असं मी स्वतःला समजावायचो. नागपूरच्या जाणकारांना काय लिहायचं, तेही मनात तयार होतं.

थंडीत आत्या गेली. दवाखान्यात यायला तिने साफ नकार दिला होता. शेजारच्या काकूंचा सकाळी फोन आला, मी आणि बायको सेलूला पोचलो तेव्हा श्वास चालू होता, दुपारी थांबला. मी नाडी बघितली, घड्याळ बघितलं, आणि मग मला जे रडू आलं त्याची मला कल्पना नव्हती. बायकांनी तिला आंघोळ घातली, धुवट लुगडं नेसवलं, ओट्यावर आणलं. गल्लीतली माणसं जमली. कुणीतरी म्हणालं, सोनं आणा, तुळस आणा.

माझ्या डाव्या खिशात डबी होती. उजव्या खिशात कागदाच्या पुडीत मणी होता. तो मी सकाळी घरातून निघताना घेतला होता, आणि बायकोने ते पाहिलं होतं. ती आता माझ्याकडे बघत नव्हती, तुळशीची पानं धूत होती.

मी आत्याजवळ बसलो. डबी काढली. कपची इतकी बारीक की बोटाला नीट लागेना, चिमटीत धरावी लागली, अंगठा आणि तर्जनीत घट्ट. तिचं तोंड जरा उघडलं आणि ती जिभेवर ठेवली. फूल वरच्या बाजूला आलं. एवढ्या उजेडातही, भिंगाशिवाय, टिंब काही दिसलं नाही.

शेजारच्या काकू वाकून बघत होत्या. आत्याने अख्ख्या गल्लीला सांगून ठेवलेलं होतं.

"भाऊ," त्यांनी हळूच विचारलं, "थेच सोनं आहे न? तिच्या सासूच्या मोहरेचं?"

"थेच आहे, काकू," मी म्हटलं. "म्या पायलं आहे."

बायकोने वर तुळशीचं पान ठेवलं, काकूंनी पळीभर पाणी घातलं, आणि आत्याचं तोंड मी मिटलं.